फोनचं वायफाय सारखं तुटतंय? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

वायफायची खूण पूर्ण भरलेली असते, तरी पान उघडत नाही. व्हिडिओ मध्येच थांबून गोल गोल फिरत राहतो. कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो, आणि मोबाइल डेटा चालू केला की सगळं पुन्हा सुरळीत. अशा वेळी बहुतेक जण हाताला येईल ते करून पाहतात. फोन बंद-चालू, राउटर बंद-चालू, पासवर्ड पुन्हा टाकणं, आणि वैतागून शेवटी फॅक्टरी रिसेट. त्याने कधीकधी कामही होतं, पण नेमकं कशामुळे झालं हे कळत नाही. मग चार दिवसांनी तोच त्रास परत येतो आणि आपण पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

घरच्यांचे आणि ओळखीपाळखीच्यांचे फोन दुरुस्त करता करता जो क्रम हाताशी बसला, तो इथे मांडतो आहे. त्याचा गाभा एवढाच की सेटिंगला हात लावण्याआधी बिघाड कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवायचं, आणि नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाचा आला ते कळायला मार्ग उरत नाही.

हे टप्पे तीन. पहिला फोनपासून राउटरपर्यंतचा, हवेतला. दुसरा राउटरपासून पुढे इंटरनेटपर्यंतचा, कंपनीच्या तारेतला. तिसरा फोनच्या आतला, म्हणजे सेटिंग आणि अ‍ॅपचा. वायफायच्या खुणेतल्या रेघा फक्त पहिल्या टप्प्याची ताकद दाखवतात. राउटरच्या मागची तार तुटलेली असली तरी त्या पूर्ण भरलेल्याच दिसतील.

सुरुवात करण्याआधी हाताशी हे असू द्या

- वायफायचा पासवर्ड, कागदावर लिहून ठेवलेला
- राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचं नाव आणि पासवर्ड (बहुतेक राउटरच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या लेबलवर असतो, वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा)
- दुसरा एखादा फोन किंवा लॅपटॉप, तुलनेसाठी
- वेग मोजणारं एखादं अ‍ॅप. अँड्रॉइड असेल तर वायफाय अ‍ॅनलायझर प्रकारचं अ‍ॅपही
- वही-पेन. काय बदललं आणि त्यानंतर काय झालं याची नोंद ठेवली की निम्मा गोंधळ टळतो

१. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक वगळतात.

तपासणीपुरता मोबाइल डेटा बंद करा. तो चालू असला की वायफाय अडखळताच फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुमचे सगळे निष्कर्ष चुकतात. आता वायफायशी जोडलेले राहून पुढच्या चार गोष्टी करा.

पहिली, त्याच जागी, त्याच वेळी दुसरं उपकरण चालवून पाहा. तेही अडखळत असेल तर तुमचा फोन बहुधा निर्दोष आहे. ते झकास चालत असेल तर लक्ष फोनवर केंद्रित करा.

दुसरी, राउटरपासून दोन-तीन पावलांवर जाऊन उभे राहा. तिथे सगळं नीट चाललं आणि आतल्या खोलीत बिघडलं, तर प्रश्न रेंजचा आहे. राउटरशेजारीही रडतंय, तर रेंजच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तिसरी मला फार उपयोगी वाटते. नेट अडकलेलं असतानाच ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बऱ्याच राउटरचा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. खात्री करायची तर फोनमध्ये जोडलेल्या वायफायच्या तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' या नावापुढे तो दिसतो. अंक टाकताना ते इंग्रजी कीबोर्डवरून टाका. राउटरचं लॉगिन पान पटकन उघडलं, तर फोन आणि राउटर एकमेकांशी नीट बोलताहेत आणि अडचण त्यांच्या पुढे आहे. तेही उघडलं नाही, तर दोष हवेतल्या टप्प्यात किंवा फोनमध्ये.

चौथी, दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट सुरू करा आणि आपला फोन त्याला जोडा. तिथे तासभर न तुटता चालला तर फोनचा वायफायचा भाग शाबूत आहे. तिथेही तुटत राहिला तर संशय फोनवर.

राउटरकडेही एक नजर टाका. फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावर 'LOS' (लॉस) अशा इंग्रजी अक्षरांचा दिवा असतो. तो लाल दिसला तर प्रकाशाचा सिग्नलच येत नाहीये. मग फोनमध्ये काहीही करू नका, थेट पायरी ११ वर जा.

२. साधे उपाय, पण क्रमाने

आधी फोन रिस्टार्ट करा. त्याने फरक पडला नाही तर राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि सगळे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर आधी तो चालू करा, मग राउटर. बंद करायचं म्हणजे विजेचं बटण. मागच्या छोट्या छिद्रातलं 'रिसेट' टाचणीने दाबू नका. त्याने राउटरमधली सगळी सेटिंग पुसली जातात, कंपनीने भरलेलं कनेक्शनचं नाव आणि पासवर्डसुद्धा, आणि मग माणूस येईपर्यंत घरातलं सगळं नेट बंद.

यानंतर फोनमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन 'फरगेट' करा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. राउटरचा पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार बदललेला असेल तर जुनी साठवलेली माहिती अडथळा करते, ती याने जाते. आयफोनवर 'फरगेट' केलंत तर त्याच अ‍ॅपल खात्याला जोडलेल्या तुमच्या इतर उपकरणांतूनही तो पासवर्ड जाऊ शकतो. म्हणून तर तो कागदावर हवा.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक सापळा. वरून किंवा खालून ओढून येणाऱ्या कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं बटण दाबलं की वायफाय खरं बंद होत नाही. फोन त्या नेटवर्कपासून फक्त तात्पुरता सुटतो. खरोखर बंद-चालू करायचं असेल तर सेटिंगमध्ये जाऊनच करा.

फोनचं कव्हर धातूचं असेल किंवा गाडीतल्या होल्डरसाठी मागे लोखंडी पट्टी चिकटवलेली असेल, तर ते काढून पाहा. अँटेना फोनच्या कडेलाच असतात, आणि धातू त्यांना झाकतो.

३. रेंज आकड्यात मोजा

रेघा मोघम असतात, प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशेबाने काढते. सिग्नलची खरी ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि ती उणे अंकात येते. शून्याच्या जितकी जवळ, तितकी चांगली. राउटरच्या अगदी शेजारी उणे ३० ते ४० दिसेल. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल साधारण नीट चालतो. उणे ७० च्या पुढे अडखळायला लागतो, आणि उणे ८० ला 'कनेक्टेड' दिसलं तरी हाती काही लागत नाही. यात दर ३ आकड्यांनी ताकद निम्मी होते, म्हणजे उणे ५० आणि उणे ७० यांच्यात शंभर पटींचा फरक आहे. दिसायला वीसच.

अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनलायझर अ‍ॅप हा आकडा दाखवतं. ते लोकेशनची परवानगी मागेल. आसपासची वायफाय नेटवर्क शोधायला अँड्रॉइडमध्ये ती लागतेच, त्यामुळे तेवढ्यापुरती देऊन नंतर काढून घ्या. आयफोनवर इतर अ‍ॅपना आसपासची नेटवर्क तपासू दिली जात नाहीत. तिथे अ‍ॅपलचंच 'एअरपोर्ट युटिलिटी' हे अ‍ॅप घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या नावाखाली 'वायफाय स्कॅनर' चालू करा.

घरभर फिरा, प्रत्येक खोलीतला आकडा वहीत लिहा. जिथे बसून तुम्ही खरोखर फोन वापरता ती जागा मोजायला विसरू नका. दारात उभं राहून मोजलेला आकडा आणि पलंगावर आडवं पडल्यावरचा आकडा वेगळे येतात, कारण मधे तुमचं स्वतःचं शरीर येतं.

४. २.४ की ५ गिगाहर्ट्झ

आजचे बहुतेक राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होते, पण वेग कमी आणि गर्दी प्रचंड. ब्लूटूथ याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह ओव्हनही याच्याच आसपास, शेजारपाजारचे राउटरही इथेच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण जाड भिंत मधे आली की लगेच ढेपाळतो.

वायफाय 'सारखं तुटतं' अशा तक्रारींत मला बरेचदा याच जागी उत्तर सापडलं आहे. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवतो आणि कुठे जोडायचं ते फोन ठरवतो. तुम्ही दोन्हींच्या सीमेवरच्या खोलीत बसलेले असलात की फोन इकडून तिकडे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला क्षणभर नेट जातं.

तपासायचं कसं? राउटरच्या सेटिंगमध्ये 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' अशा नावाची सोय असेल, ती बंद करा आणि दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या. मग फोन एक दिवस फक्त एकावर ठेवा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर. दूरच्या खोलीत २.४ स्थिर राहिला आणि ५ तुटत राहिला, तर त्या खोलीपुरता निर्णय झाला. एकच नाव असणं तसं सोयीचं, पण राउटरला ते नीट सांभाळता येत नसेल तर मी वेगळी नावं कायम ठेवायच्या बाजूचा आहे.

ब्लूटूथचे इअरबड्स लावले की व्हिडिओ अडखळतो आणि काढले की चालतो, असं होत असेल तर फोन बहुधा २.४ वर आहे. ५ वर हलवा, बहुधा प्रश्न मिटेल.

५. चॅनेलची गर्दी

प्रत्येक पट्ट्यात चॅनेल, म्हणजे रस्त्यावरच्या मार्गिकांसारखे छोटे भाग असतात. २.४ मधले शेजारशेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांना न भिडणारे. अ‍ॅनलायझरमध्ये पाहा, या तिघांपैकी ज्यावर जोरदार नेटवर्क सर्वांत कमी आहेत तो निवडा. मधला ३ किंवा ८ रिकामा दिसतो म्हणून घेऊ नका, दोन्हीकडचा त्रास ओढवून घ्याल. याच पट्ट्यात चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की वेग वाढेल असं वाटतं, पण गर्दीच्या वस्तीत उलटच घडतं.

५ गिगाहर्ट्झमध्ये वेगळी गोष्ट आहे. ५२ ते १४४ यांमधले चॅनेल अनेक देशांत हवामान आणि इतर रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल ताबडतोब सोडावा लागतो, आणि त्यावरचे सगळे फोन एकदम तुटतात. मधूनच, काही कारण नसताना, घरातले सगळेच फोन एकाच क्षणी ५ वरून सुटत असतील तर राउटर कोणत्या चॅनेलवर आहे ते बघा. ३६ ते ४८ मधला चॅनेल देऊन दोन दिवस निरीक्षण करा.

६. राउटरची जागा

इथे फार लिहायला नको, पण करायला मात्र हवं. राउटर घराच्या साधारण मध्यात, उघड्यावर, छातीच्या उंचीला किंवा वर. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, टीव्हीची मागची बाजू आणि माशांची टाकी यांच्यापासून लांब. धातू सिग्नल परतवतो, पाणी शोषून घेतं. दिसायला बरं नाही म्हणून राउटर कपाटात ठेवला असेल तर आजच बाहेर काढा. राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती काढून तपासा, तिच्यामुळे २.४ च्या पट्ट्यात गोंगाट होतो.

दूरच्या खोलीसाठी रेंज वाढवणारा एक्स्टेंडर घेणार असाल तर तो त्या खोलीत लावू नका. त्याला स्वतःलाच चांगला सिग्नल मिळेल अशा, म्हणजे वाटेतल्या जागी लावा. साध्या एक्स्टेंडरमध्ये एकाच रेडिओवरून घेणं आणि देणं चालतं, म्हणून वेग निम्म्यावर येतो. तार ओढणं शक्य असेल तर तारेने जोडलेला दुसरा राउटर नेहमीच सरस. मात्र त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवेल, बाकी कारभार पहिल्याच राउटरकडे राहील. तसं न करता जोडला तर दोन्ही राउटर फोनला आयपी पत्ते (नेटवर्कवर उपकरण ओळखायचे क्रमांक) वाटायला लागतात आणि कधी चालतं, कधी नाही, असा न उलगडणारा घोळ होतो.

७. 'कनेक्टेड' आहे, पण इंटरनेट नाही

फोन वायफायला जोडला की तो आपणहून एक छोटीशी विनंती इंटरनेटवर पाठवतो. अपेक्षित उत्तर आलं नाही तर 'इंटरनेट नाही' असं दाखवतो किंवा खुणेवर उद्गारचिन्ह टाकतो. बाकी उपकरणं चालत असताना फक्त तुमच्या फोनवर हे दिसत असेल, तर या क्रमाने पाहा.

तारीख-वेळ. ती बरीच चुकलेली असेल तर सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत फोनला जुळत नाही. वेळ 'ऑटोमॅटिक' वर ठेवा.

व्हीपीएन (फोनचं सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय) आणि जाहिराती अडवणारी अ‍ॅप. पूर्ण बंद करून पाहा. अ‍ॅप स्क्रीनवरून सरकवल्याने व्हीपीएन बंद होईलच असं नाही.

प्रायव्हेट डीएनएस. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी सेवा. ती कोणाची वापरायची हे ठरवण्याची ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे. कोणी सांगितलं म्हणून तिथे कधी एखादा पत्ता टाकून ठेवलेला असतो आणि नंतर आपण विसरून जातो. तो सर्व्हर पोहोचेनासा झाला की सगळंच थांबतं. 'ऑटोमॅटिक' करा.

आयपी पत्ता. आयफोनवर वायफायच्या तपशिलात तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने फोनला पत्ताच दिलेला नाही. अँड्रॉइडवर अशा वेळी फोन 'पत्ता मिळवत आहे' यावर अडकतो आणि सुटतो. राउटर रिस्टार्ट करा. पुन्हा तसंच झालं तर राउटरच्या सेटिंगमध्ये किती पत्ते वाटायची मुभा आहे ते पाहा. टीव्ही, कॅमेरे, दिवे असं सगळं वायफायवर आलं की ती मर्यादा संपू शकते.

फोनचा बदलता मॅक पत्ता. मॅक पत्ता म्हणजे फोनच्या वायफाय भागाचा ओळख क्रमांक. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता न देता बनवलेला पत्ता देतो. गोपनीयतेसाठी हे चांगलंच आहे आणि बाहेर ते तसंच राहू द्या. पण ऑफिसात किंवा वसतिगृहात ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश असेल तर फोन अडतो. त्या एका नेटवर्कपुरतं ते बंद करा.

आणखी एक. राउटर नवा आणि फोन जुना असेल तर सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए३' आहे का ते पाहा. जुन्या फोनला तो कळत नाही. 'डब्ल्यूपीए२' ठेवा. सुरक्षा काढून वायफाय उघडं टाकणं हा उपाय नव्हे, तपासणीपुरताही नको.

८. फोन स्वतःहून वायफाय सोडत असेल तर

काही वेळा दोष नसतोच, फोन आपलं काम करत असतो. वायफाय कमजोर वाटलं की मोबाइल डेटावर जायची सोय दोन्हीकडे आहे. आयफोनवर तिचं नाव 'वायफाय असिस्ट', मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये अगदी खाली. अँड्रॉइडवर नाव कंपनीनुसार बदलतं, वायफायच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात शोधा. बंद केल्यावर तुटणं थांबलं तर कारण कळलं, पण लक्षात घ्या, कमजोर रेंज तशीच आहे. डेटा अनपेक्षितपणे लवकर संपत असेल तरी ही सोय तपासा.

स्क्रीन बंद झाली की निरोप उशिरा येतात? बॅटरी सेव्हर बंद करून बघा, आणि ज्या अ‍ॅपचे निरोप अडकतात त्याच्यावरची बॅटरीची बंधनं काढा.

९. स्टेशन, हॉटेल, विमानतळ

इथे आधी लॉगिनचं पान यावं लागतं, आणि ते न आल्यामुळे माणूस अडकतो. व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएस बंद करा, नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडा. तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाका. लॉगिन झाल्यावर व्हीपीएन परत चालू करायला विसरू नका.

१०. नेटवर्क रिसेट

वरचं सगळं झाल्यावर, आणि बिघाड फोनमध्येच आहे याची खात्री असेल तरच. याने फोटो, संपर्क, अ‍ॅप जात नाहीत. जातात ते सर्व साठवलेले वायफाय पासवर्ड, ब्लूटूथच्या जोडण्या आणि व्हीपीएनची सेटिंग. पासवर्ड आधी वाचवून ठेवा. अँड्रॉइड १० पासून 'शेअर' दाबून क्यूआर कोड मिळतो, आयओएस १६ पासून पासवर्ड फोनमध्येच पाहता येतो. आयफोनवर हा पर्याय 'जनरल' मध्ये तळाशी, 'ट्रान्सफर ऑर रिसेट' मध्ये आहे. अँड्रॉइडवर बहुधा 'सिस्टिम' मधल्या 'रिसेट' मध्ये. फॅक्टरी रिसेटचा पर्याय त्याच्याच शेजारी असतो. दाबण्याआधी नाव दोनदा वाचा.

११. तक्रार करायची वेळ आली तर

दोष राउटरच्या पुढे असेल तर कंपनीला फोन करण्याआधी लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग मोजा. तारेवरही अडखळतंय हे सांगितलंत की 'तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे' हे उत्तर देता येत नाही. तुटण्याच्या वेळा, त्या वेळी राउटरवरचे दिवे कसे होते, किती उपकरणांवर तुटलं, हे वहीतून वाचून दाखवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

दोष फोनमध्ये ठरला असेल, म्हणजे हॉटस्पॉटवर आणि राउटरशेजारीही तुटतंय, नेटवर्क रिसेट करून झालंय, सिस्टिमचं अपडेट घातलंय, तरी वायफायचं बटण करडं पडतं किंवा शेजारच्या फोनला उणे ४० दिसतं तिथे तुमच्या फोनला उणे ७५, तर अँटेना किंवा चिप गेली आहे. फोन पडल्यानंतर किंवा स्क्रीन बदलल्यानंतर हे सुरू झालं असेल तर दुरुस्तीवाल्याला ते आवर्जून सांगा. आतली अँटेनाची छोटी जोडणी निखळलेली असू शकते, आणि तसं असेल तर काम थोडक्यात होतं. फोन देण्याआधी बॅकअप घ्या.